डेसचा फोन माझ्यापाशी असतो

—नाही, नाही, अशी दारात किल्ल्या खुळखुळवत उभी राहू नकोस, माझ्या छातीत धडधडतं त्यानं. बस. विमान संध्याकाळचं आहे ना? मग. किनेटनहून विमानतळ तो किती लांब, आणि तू तर जॅरडपेक्षा जोरात चालवतेस, तोच सांगत होता. चहा तयार आहे. दूध तुझं तू घाल, सासूनं दूध घालून हातात कप द्यायचा असली घरं वेगळी, तुला लग्नाआधीच सांगायला हवं होतं कुणीतरी. आणि तो लॅमिंग्टन केक घे. कालचा आहे, पण वरून खोबरं लावलेल्याला काय होतंय. डेस ना? आहे की, पुढं व्हरांड्यात. सकाळपासून कोट घालून बसलाय. लग्नाला घातला होता तोच — तुमच्या नव्हे, आमच्या. बटण लागत नाही म्हणून हात पोटावर ठेवून बसतो. तू येताना पाहिलंसच असेल त्याला. काय म्हणाला? ‘निघायचं का’ म्हणाला? बघ. हेच. हा उतावळेपणा मी ओळखते. भावाला भेटायला जायची घाई आणि तिसऱ्या रेसला घोड्यावर पैसे लावायची घाई, दोन्हींत गुडघा सारखाच हलतो त्याचा.

जॅरड आला नाही, तुला पाठवलं. हुशार आहे माझा मुलगा. त्याला वाटलं, नव्या सुनेला आई नाही म्हणणार नाही. आणि मी कुठं नाही म्हणतेय? मी म्हणतेय, जरा विचार करू. इतकंच. रॉस इस्पितळात आहे, शेवटचं चाललंय, भावानं भावाला भेटावं — मला शिकवू नकोस, राणी, मलाही काळीज आहे. पण एकट्या माणसाला टास्मानियाला धाडायचं म्हणजे त्याच्या हातात फोन द्यावा लागतो. हल्ली तिकीटसुद्धा फोनातच असतं. विमानतळावर तो एकटा, पुढ्यात मोठा टीव्ही, त्यावर घोडे पळतायत, हातात फोन, शेजारी बायको नाही. तू असतीस माझ्या जागी तर दिला असतास? दिला असतास, हो. चेहऱ्यावरच दिसतंय. तुझ्या लग्नातले टॉवेल अजून कोरे आहेत, म्हणून.

डेसचा फोन माझ्यापाशी असतो. हा बघ, एप्रनच्या खिशात. झोपताना उशीखाली. त्याला मी बटणांचा एक घेऊन दिलाय, त्यात तीन नंबर — मी, डॉक्टर आणि अग्निशमन. रॉसचा? तो कशाला? रॉसशी बोलायचं तर माझ्या फोनवरून बोलावं, इथं बसून, स्पीकर लावून. लपवण्यासारखं नसेल तर स्पीकरची हरकत काय? पहिले काही महिने बोलायचे दोघं. मग काय झालं कुणास ठाऊक, डेसला बोलायला सुचेनासं झालं. ‘हवा कशी आहे’, ‘पाऊस आहे का’, ‘बरं, ठेवतो.’ म्हणजे बघ, माणसाकडे सांगण्यासारखं मुळात काही नसतंच. आपल्यालाच उगाच वाटतं.

तू हसलीस का? नाही? बरं.

तू गावात नवी आहेस म्हणून सांगते, मला इथं मान आहे या बाबतीत. हिरवळीवर गोळे लोटायचा आमचा तो क्लब, तिथं गुरुवारी बायका जमतात, त्यांनी मला उभं करून बोलायला लावलं — फोनवरच्या जुगारापासून आपलं माणूस सुरक्षित कसं ठेवावं. मी काही कागद-बिगद नेला नव्हता. म्हटलं, बायांनो, जाहिरातीच्या शेवटी तो माणूस घाईघाईनं इशारा पुटपुटतो ना, त्यावर विसंबू नका. कुंपण घरातच घालावं लागतं. पासवर्ड आपल्याकडे, कार्ड आपल्याकडे, पगार आपल्याकडे, आणि मुख्य म्हणजे लाज. लाज चारचौघांत ठेवायची, घरात ठेवून उपयोग नाही. मेव्हिसनं तर टाळ्या वाजवल्या. डेस मागं बसला होता, खुर्च्या मांडायला नेलं होतं मी त्याला. म्हटलं, डेस, उभा राहा, दिसू दे सगळ्यांना. राहिला उभा. बिचारा हसला पण.

आता तूच सांग, लाजेचा उपयोग होतो की नाही. मटणाची सोडत ठाऊक आहे ना तुला, शुक्रवारची? क्लबात तिकिटं फिरवतात आणि ज्याचा नंबर लागेल त्याला चॉप्स आणि सॉसेजची परात. सगळं गाव घेतं, पाद्रीसुद्धा घेतो. एका शुक्रवारी मी दातांसाठी बेंडिगोला गेले होते. परत येते तर हा स्वयंपाकघरात उभा, पुढ्यात परात, आणि तोंड असं की शाळेत पहिला आलाय. म्हणाला, ‘ग्लेन, आपल्याला लागली.’ आपल्याला. मी ओरडत नाही कधी, विचार जॅरडला. पर्स उचलली, म्हटलं चल. परात त्याच्या मांडीवर, मी गाडी चालवतेय, सॉसेजचं पाणी त्याच्या पँटवर गळतंय. क्लबात गेलो, सगळे होतेच. त्यानं परात काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, ‘मला हे चालत नाही, मी आजारी माणूस आहे.’ हेच शब्द. मी शिकवले नव्हते — म्हणजे गाडीत एकदा म्हणून घेतलं होतं, तेवढंच. मेव्हिस म्हणते, अगं ग्लेनिस, सॉसेजच आहेत. म्हटलं, मेव्हिस, आज सॉसेज, उद्या घर. त्या रात्री आम्ही अंडी खाल्ली. आणि त्यानंतर शुक्रवारी क्लबात जायचं नावच काढत नाही तो. म्हणजे गुण आला ना? आलाच की.

थांब हं जरा. वाजलं का काही? नाही, ते माझं. पाचव्या रेसचा निकाल. थांब. — हं. गेला. नाकाएवढ्यानं गेला.

कसलं तोंड करतेस? अगं, तो जुगार नाही. माझं वेगळं आहे. मी लावते ते शनिवारी, दिवसाउजेडी, चहा पिता पिता, लिमिटमध्ये. ॲपमध्येच लिमिट घालायची सोय असते, आठवड्याला इतकेच म्हणून, त्यावर एक कवडी जाऊ देत नाहीत. मध्ये विश्रांती घ्या म्हणतात, मी घेते, कपडे वाळत घालून येते. रागात लावू नका म्हणतात, मला राग येतच नाही. हरलेलं भरून काढायला जाऊ नका म्हणतात, मी कशाला जातेय, मला मुळी हरल्यासारखं वाटतच नाही. हे सगळं जे त्या समुपदेशनवाल्या मुली फोनवर सांगतात ना, ते मी अक्षरशः पाळते. ज्याला ताबा म्हणतात तो हाच. डेसला नव्हता, मला आहे. एकाच घरात दोन माणसं, एकाला पोहता येतं, एकाला नाही, त्यात पाण्याचा काय दोष?

आणि त्याच्यासमोर मुद्दाम लावते. हो, मुद्दाम. तुला क्रूर वाटेल. तो इथं बसतो, तू बसलीस तिथंच, आणि मला घोडे वाचून दाखवतो — कोणाची चाल कशी, मैदान ओलं की कोरडं, कुठल्या घोड्याला वळण झेपत नाही. त्याचे वडील घोडे तयार करायचे बॅलरॅटला, लहानपण तबेल्यात गेलेलं, त्याला कळतं. मला काय, मला घोडी आणि गाय दोन्ही सारखी. तो वाचतो, मी लावते. तो लावत नाही, हे लक्षात घे. तो फक्त सांगतो. कधी कधी कागद उपडा ठेवतो, म्हणतो, ‘ग्लेन, आज नको वाचायला.’ मी म्हणते, वाच. मोह समोर ठेवायचा आणि हात मांडीवर. असं शंभरदा केलं की माणूस बरा होतो. कुत्र्यापुढे पाव ठेवून ‘थांब’ म्हणून शिकवतात की नाही? तसं. फक्त कुत्र्याला शेवटी पाव देतात.

लिमिट किती? ते तुला काय करायचंय. थोडंच आहे. होतं. वाढवलं मी मध्ये. अगं, लिमिट म्हणजे काय, कुंपण. गुरं वाढली की कुंपण सरकवावं लागतं, तुझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरीला सांगायला नको. तर मी सरकवलं. मग पुन्हा एकदा. आणि ते लोक काय करतात, कमी करायचं असेल तर तत्काळ, आणि वाढवायचं म्हटलं की आठवडाभर ताटकळत ठेवतात, विचार करा म्हणे. मला. या वयात. मी ज्या माणसाला दरीतून वर ओढून काढलं त्याच माणसाची बायको, आणि मला म्हणतात विचार करा.

हो, मीच काढलं. मग कोणी? ती सरकारी नोंदणी असते ना, आपलं नाव त्यात घातलं की देशातली कुठलीही सट्टेवाली कंपनी तुम्हाला दारात उभं करत नाही. तिथं मी त्याचं नाव घातलं, जन्मभरासाठी, आणि — काय? कोण म्हणतं? … हं. ते बरोबर आहे. दुसऱ्याचं नाव दुसऱ्याला घालता येत नाही. ज्याचं त्यानंच घालायचं. तुला बरं माहीत. — त्यानंच घातलं, मग. कुठं का घालेना. रॉसकडे. रॉसच्या स्वयंपाकघरात बसून, असं त्यानंच मला सांगितलं, वर त्या स्वयंपाकघराचं कौतुक. मासे पकडायला म्हणून गेला होता लॉन्सेस्टनला आणि भावापुढे सगळं ओकून आला. मी इथं भोपळा चिरत होते. बॅगसकट आत आला, तुझ्याच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, ‘ग्लेन, असं असं झालं होतं, आता संपलंय. रॉसनं मार्गी लावलं. तुला त्रास नको म्हणून आधी बोललो नाही.’ आणि रडला. हलका होऊन रडला, कळतंय ना तुला? माझ्याकडे येईपर्यंत रडून झालेलं होतं त्याचं. माझ्या वाटणीला उरलेलं आलं.

मला त्रास नको म्हणून. मी बायको. घर गहाण नाही, देणं नाही, काही बुडालं नाही — रॉसनं भरलं. मला वाचवायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं त्या दोघांनी. आणि त्या नोंदणीत आधाराचा माणूस म्हणून एक नाव देतात, म्हणजे पाऊल घसरलं तर कोणाला कळवायचं. कोणाचं दिलं असेल? सांग. बरोबर. मी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतलं. फोन घेतला त्याच्या हातातून, म्हटलं, आजपासून हा माझ्यापाशी. त्यानं दिला. मला वाटतं, त्याला बरंच वाटलं. शिक्षा झाली की माणसाला बरं वाटतं.

त्यानंतर? त्यानंतर नाही लावलेलं. एकदाही नाही. ते एक सॉसेज सोडलं तर. — हो, तू विचारणार, मग पहारा कशाला. अगं पहारा आहे म्हणून तर नाही लावलं. पहारा काढून बघायचा का? तू जबाबदारी घेतेस? नाही ना. मग चहा पी.

हे बघ, रॉसबद्दल माझ्या मनात काही नाही. गेले काही दिवस तो रोज लिहायचा डेसच्या फोनवर. लांब लांब. ‘नदीवरचं ते आठवतं का रे’, ‘म्हाताऱ्याची ती लाथाळ घोडी आठवते का’. मी वाचायचे सगळं. डेसला थोडक्यात सांगायचे, रॉस बरा आहे, आठवण काढतो. आता बरा आहे म्हटलं ते चुकलं असेल, पण माणसाला रोज रोज घाबरवायचं का? शेवटी शेवटी नुसतं लिहायचा, ‘डेस?’ बास, तेवढंच, आणि प्रश्नचिन्ह. त्याला मी काय उत्तर देणार? मी थोडीच डेस आहे. ते इस्पितळाचं जॅरडनं परस्पर हेझलशी बोलून डेसला सांगून टाकलं म्हणून हा सगळा घोळ. रॉसची बायको हेझल, ती तरी शहाणी असायला हवी होती. नाहीतर कोट कपाटात राहिला असता आणि सगळे सुखात असतो.

तिकीट दाखवू? दाखवते की. — तिकीट असं आहे, राणी, की ते काढायचंय. जॅरडनं पाठवलेले पैसे मिळाले, हो, मिळाले, खात्यात आले त्याच दिवशी. जपून ठेवलेत. कुठं म्हणजे? ॲपमध्ये. मागच्या शनिवारी नेमकं माझं वाढीव लिमिट सुरू झालं आणि पैसे तिथं समोर पडले होते, म्हटलं तिकीट महागच होणार, थोडी भर पडली तर डेसला खिडकीजवळची जागा घेता येईल. त्याच्यासाठीच. त्यातले काही गेले. बरेच. पण उरलेले आहेत अजून आणि सहावी रेस यायचीय. सकाळी त्यानं इतकं सुंदर वाचून दाखवलं ना सहावीतल्या त्या तपकिरी घोड्याचं — असं वाचलं नव्हतं त्यानं गेल्या कित्येक वर्षांत. भावाला भेटायला मिळणार म्हणून डोकं कसं तल्लख झालंय. नजर वेगळी, आवाज वेगळा. मी म्हटलं, डेस, तू तर जुना डेस झालास.

तू काढतेस तिकीट? तुझ्या पैशानं? कशाला उगाच. फोन खाली ठेव. टीगन, खाली ठेव तो. विमानात जागा आहे का बघतेयस ना, बघ, पण काही उपयोग नाही. नाही, जागा नसेल म्हणून नाही. — कोणाला लावतेयस? हेझलला नको लावूस. हेझलला आत्ता नको. अगं ऐक, तिला आज पन्नास माणसं फोन करत असतील, तू तिच्या ओळखीची ना पाळखीची. ठेव म्हणते ना मी.

ठेवलास. शहाणी.

आज पहाटे. हेझलनं डेसच्या फोनवर लिहिलं, दोन ओळी. झोपेतच, म्हणे, त्रास नाही झाला. वर लिहिलंय, शेवटपर्यंत दाराकडे बघत होता. हेझलला असलं काहीतरी लिहायची सवयच आहे.

माझ्याकडे असं बघू नकोस. मी काय मारलं का त्याला? सांगणारच आहे. मी काय राक्षसीण आहे, सांगणार नाही? सहावी झाली की सांगेन. वाईट बातमी थोडी उशिरा कळली म्हणून आणखी वाईट होते का? नाही होत. गेलेला माणूस काही गाडी चुकवणार नाहीये. आणि आत्ता सांगितलं तर काय होईल, मी सांगते — तो कोटासकट भिंतीकडे तोंड करून बसेल, संध्याकाळपर्यंत, आणि मैदान मघाशी ओलं झालंय, पुन्हा नीट वाचायला हवं, आणि मला काय कळतंय त्यातलं? पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. मग सगळं परत आलं की मीच काढीन तिकीट, दोन काढीन, अंत्यविधीला जाऊ दोघं. मी येईन ना बरोबर. तो एकटा थोडाच जाणार आहे आता. बघ, म्हणजे ती अडचणसुद्धा सुटली.

रडू नकोस बाई इथं. तुझा कोण लागत होता तो? लग्नात एकदा पाहिलास. उठ, तोंड धू, आणि नीघ. जॅरडला म्हणावं आई रात्री बोलेल, त्यानं डेसला फोन करू नये, लागणार नाही. मागच्या दारानं जा, कपड्यांच्या दोरीच्या बाजूनं, गाडीपर्यंत वळसा पडेल पण पडू दे. पुढं तो बसलाय आणि तुझं तोंड म्हणजे उघडी खिडकी आहे नुसती, तुला जन्मात पत्ते खेळता यायचे नाहीत. — डेस, चष्मा घेऊन आत ये रे, सहावीचं परत बघू. काय? नाही, अजून वेळ आहे निघायला. ती? ती जातेय जरा, येईल परत. — तिकडून, टीगन. डाव्या हाताला. धुण्याच्या खोलीतून. डावीकडे म्हटलं मी. — टीगन.

टीगन, ते पुढचं दार आहे.